कमी पैशांत पहिली युकुलेले: पुण्यात निवडताना काय काय तपासायचं

तीन-साडेतीन हजारांत नीट वाजणारी युकुलेले (गिटारसारखं दिसणारं चार तारांचं छोटं वाद्य) मिळते का, असं मला बरेच जण विचारतात. मिळते. पण या किमतीत कंपनीचं नाव आणि लाकडाचं नाव यांना फारसा अर्थ नसतो. तुमच्या हातात आलेला नेमका तो नग सुरात आहे का, त्याच्या तारा बोटाला झेपतील इतक्या खाली आहेत का, एवढ्या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. शिकायला बसलेला माणूस महिन्याभरात वाद्य कपाटावर ठेवून देतो, तेव्हा बहुतेक वेळा वाद्यच बेसूर असतं आणि तो स्वतःच्या बोटांना दोष देत असतो. हे टाळता येतं, आणि त्यासाठी संगीत यावं लागत नाही.

१. आधी पैशांची वाटणी करा

हातात साडेतीन हजार असतील तर सगळे वाद्यावर घालू नका. वाद्याला अडीच ते पावणेतीन हजार धरा आणि उरलेले तारा नि सेटअपसाठी बाजूला काढा. सेटअप म्हणजे तारांची उंची कमी-जास्त करून वाद्य वाजवण्याजोगं करणं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

‘कॉम्बो’च्या मोहात पडू नका. पिशवी, पट्टा, प्लेक्ट्रम (तार छेडायची छोटी चकती), कॅपो (मानेवर लावायचा चिमटा), स्टिकर, छोटं पुस्तक असा ढीग दाखवून तेच वाद्य गळ्यात मारलं जातं. युकुलेले बोटांनी वाजवतात, प्लेक्ट्रम लागत नाही. कॅपो पहिलं वर्षभर लागत नाही. कामाची असते ती पिशवी, आणि तीही जाड अस्तराची असेल तरच.

हजाराच्या आत जे मिळतं ते खेळणं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. फ्रेट, म्हणजे मानेवरचे आडवे पडदे, धातूचे नसून प्लॅस्टिकच्या पट्टीतच ओतलेले असतात. ते लहान मुलाला खेळायला द्या, शिकायला नको.

२. साइज ठरवा: बहुतेकांसाठी कॉन्सर्ट

सोप्रानो साधारण २१ इंच लांब, कॉन्सर्ट २३, टेनर २६ आणि बॅरिटोन ३० इंच. पहिल्या तिघींना एकच ट्यूनिंग चालतं, त्यामुळे कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वरांचे गट) एकीवर शिकलात की तिन्हींवर येतात.

सोप्रानो हे मूळ माप. १८७९ साली ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे मजूर होनोलुलूला उतरले. त्यांच्याबरोबर आलेल्या छोट्या तंतुवाद्यांवरून हवाईत युकुलेले घडली. मोठी मापं नंतर आली. सोप्रानोचा आवाज टणक आणि गोड असतो, पण फ्रेट जवळजवळ असल्यामुळे मोठ्यांची बोटं एकमेकांवर चढतात. कॉन्सर्टवर जागा जास्त मिळते आणि किंमत थोडीच वाढते, म्हणून चौदा-पंधरा वर्षांपुढच्या कुणालाही मी कॉन्सर्टच सुचवते. पाच ते आठ वर्षांच्या मुलांना सोप्रानो. टेनर छान असते, पण या बजेटमध्ये टेनर बघायला गेलात तर मोठं माप आणि हलकं काम पदरात पडतं.

बॅरिटोन पहिली म्हणून घेऊच नका. तिचं ट्यूनिंग गिटारच्या खालच्या, म्हणजे पातळ बाजूच्या, चार तारांसारखं असतं, त्यामुळे व्हिडिओत दाखवलेले कॉर्ड तिच्यावर जुळत नाहीत. ‘ही पण युकुलेलेच’ म्हणून सहा तारांची गिटालेले दाखवली, तर तीही नको.

३. लाकडाच्या नावाला भुलू नका

स्वस्त युकुलेलेवर ‘कोआ’ लिहिलेलं दिसतं. कोआ हे झाड मूळचं फक्त हवाई बेटांवरचं आणि त्याचं लाकूड महाग. तीन हजारांच्या वाद्यावर कोआ असलंच तर वरचा पापुद्रा असतो, नाहीतर नुसती छपाई. तसं असलं म्हणून वाद्य वाईट ठरत नाही, फक्त त्या नावासाठी पाचशे रुपये जास्त मोजू नका.

या किमतीतली जवळपास सगळी वाद्यं लॅमिनेटची, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेल्या फळीची असतात. दुकानदार ‘सॉलिड टॉप’चं कौतुक करतील. अखंड लाकडाचा आवाज खुलतो हे खरं आहे, पण ते हवेला जास्त दाद देतं. आपल्याकडे एप्रिल-मे कोरडा ठणठणीत आणि जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल. या चढउतारात लॅमिनेट टिकतं, म्हणून नवख्या माणसाला तेच सोयीचं. होस्टेलवर राहणाऱ्यांना किंवा रोज बसने ये-जा करणाऱ्यांना पॉलिकार्बोनेटची, म्हणजे कणखर प्लॅस्टिकची युकुलेलेही चालेल. पाऊस आणि धक्के ती सहज सोसते, मात्र बजेट थोडं वाढवावं लागेल.

लाकडापेक्षा खुंट्या बघा. खुंटीचं डोकं बाजूला निघालेलं आणि मागे दातेरी चक्र दिसत असेल तर ती गिअरची खुंटी. तीच घ्या. खुंट्या सरळ मागे निघालेल्या आणि डोक्यावर स्क्रू असेल तर त्या घर्षणावर चालतात. महागड्या वाद्यावर त्या उत्तम असतात, स्वस्त वाद्यावर मात्र सतत घसरतात.

४. दुकानात जाताना सोबत काय न्यायचं

- ट्यूनरचं मोफत अ‍ॅप असलेला फोन. सेंट दाखवणारं अ‍ॅप घ्या. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट.
- नाव-नंबर उठावदार नसलेली पाच सपाट कार्डं: एटीएम, पॅन, काहीही. अशा कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते आणि आपण त्यांनीच तारेची उंची मोजणार आहोत.
- साध्या कागदाचा एक तुकडा.
- थोडासा तरी वाजवता येणारा मित्र किंवा मैत्रीण, मिळाली तर. नसेल तर काही अडत नाही.

वेळ मात्र कामाच्या दिवशी सकाळी अकरा-बाराची निवडा. शनिवारी संध्याकाळी दुकानात गर्दी असते. तेव्हा शांतपणे एकेक स्वर ऐकता येत नाही आणि दुकानदारालाही चार नग काढून दाखवायला वेळ नसतो. पेठांतली जुनी दुकानं मुख्यतः तबला-पेटीची. युकुलेलेचे पाच-सहा पर्याय बघायचे असतील तर गिटार ठेवणारी दुकानं गाठा. आधी फोन करून एकच प्रश्न विचारा: “कॉन्सर्ट साइजचे किती नग दुकानात आहेत?” एकच असेल तर फेरी वाचवा.

५. दुकानात तपासणी: याच क्रमाने

सूर लावून घ्या. वाद्य वाजवायला धरलं की तारा वरून खाली जी, सी, ई, ए अशा लागतात. घरी पेटी असेल तर पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. सा पांढरी एक धरला तर प, सा, ग, ध. चारही स्वर मध्य सप्तकातले. म्हणजे सगळ्यात वरची तार तिच्या शेजारच्या दोघींपेक्षा उंच लागते. गिटारची सवय असलेले दुकानदार इथे अडखळतात आणि वरची तार एक सप्तक खाली उतरवून ठेवतात. ती तार लुळी पडलेली दिसली तर सांगून नीट लावून घ्या, नाहीतर पुढची कुठलीच तपासणी खरी ठरत नाही.

तारेची उंची. बाराव्या फ्रेटवर (बहुतेक वाद्यांवर तिथे दोन ठिपके असतात) फ्रेटचा माथा आणि तार यांच्या मध्ये कार्डं सरकवून बघा. तीन-चार कार्डं तारेला न उचलता जेमतेम मावली तर उत्तम. पाचही कार्डं सैलपणे गेली तर तार उंच आहे, बोटं दुखतील आणि दाबताना स्वर चढेल.

नटची उंची. मानेच्या टोकाला, जिथून तारा खुंट्यांकडे जातात, तिथली खाचांची पट्टी म्हणजे नट. स्वस्त युकुलेलेचा सगळ्यात मोठा दोष इथेच असतो: खाचा पुरेशा खोल कापलेल्या नसतात. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर ती किती अधांतरी आहे ते बघा. केसाएवढी फट हवी. मग पहिल्याच फ्रेटवर दाबून वाजवा आणि ट्यूनर बघा. मोकळी तार काटेकोर सुरात असूनही पहिल्या फ्रेटचा स्वर पंधरा-वीस सेंट वर दाखवत असेल तर नट उंच आहे. नवख्या लोकांना एफ आणि बी फ्लॅट हे कॉर्ड ‘जमत नाहीत’, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

बारावा फ्रेट. मोकळी तार आणि तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून: दोन्हीकडे ट्यूनरवर एकच अक्षर यायला हवं, दुसरा स्वर एक सप्तक वर. सी तारेवर आधी मध्य सा, मग तार सा. दहा सेंटपर्यंतचा फरक चालेल. वीसच्या पुढे गेला तर ते वाद्य खाली ठेवा, कारण हा दोष घरी दुरुस्त होत नाही. चारही तारांवर बघा.

प्रत्येक फ्रेट वाजवा. चार तारा, बारा फ्रेट, एकेक स्वर. पाच मिनिटं लागतात, लाजू नका. कुठे झणझण आली तर तिथला फ्रेट खाली बसलेला आहे किंवा त्याच्या पुढचा वर आलेला आहे. तंबोऱ्याला जवारी काढतात ती मुद्दाम, इथली झणझण म्हणजे दोषच.

मान आणि कडा. डोळा खुंट्यांच्या बाजूला नेऊन मानेवरून सरळ नजर टाका. मान वाकलेली दिसली तर नको. बहुतेक युकुलेलेंच्या मानेत गिटारसारखी पोलादी सळई नसते, त्यामुळे वाकलेली मान स्क्रू फिरवून सरळ करता येत नाही. मग तळहात मानेच्या कडेवरून फिरवा. फ्रेटची टोकं टोचली तर त्याच मॉडेलचा दुसरा नग मागा.

ब्रिज. तारा जिथे बांधलेल्या असतात ती घोडी. तिच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकवून बघा. कागद आत शिरला तर डिंक सुटायला लागला आहे.

‘दुसरा नग मागा’ हे मी मनापासून सांगते आहे. भाचीसाठी घ्यायला गेले तेव्हा पहिल्या नगावर पाच कार्डं ऐसपैस गेली आणि पहिल्या फ्रेटवर सी तार ट्यूनरवर बावीस सेंट वर दिसत होती. “काका, याच मॉडेलचा आणखी एक बघू का?” म्हटलं तर उत्तर आलं, “ताई, एकाच खोक्यातले आहेत हो, सगळे सारखेच.” तरी त्यांनी काढून दिला. दुसऱ्यावर चौथं कार्ड तारेला लागत होतं आणि पहिल्या फ्रेटचा फरक सात सेंट. तोच रंग, तीच किंमत, तोच बारकोड. भाची आज बी फ्लॅट सहज पकडते. कार्डं बघून काका आधी हसले, पण मग त्यांनीच उत्सुकतेने तिसरा नगही मोजून घेतला.

घासाघीस करायची असेल तर किमतीवर करण्यापेक्षा “नट उतरवून, तारा बदलून द्याल का?” असं विचारा. शंभर-दोनशे रुपये कमी होण्यापेक्षा याचा उपयोग जास्त आहे.

६. ऑनलाइन घ्यायची असेल तर

ऑनलाइन स्वस्त मिळते, पण दुसरा नग मागता येत नाही. म्हणून मागवण्याआधी परत करण्याची अट वाचा. पैसे परत की फक्त बदली? किती दिवसांत? ‘छापील किंमत सात हजार, आज फक्त बावीसशे’ यातल्या सात हजारांकडे लक्षच देऊ नका. त्या किमतीला ती कुणी विकत घेत नसतं.

रिव्ह्यू वाचताना एक फरक ध्यानात ठेवा. ‘ट्यूनिंग टिकत नाही’ ही तक्रार शेकडो जण करतात आणि ती बहुतेक वेळा नव्या तारा ताणल्या जात असल्याने असते. ती सोडून द्या. ‘फ्रेट टोचतात’, ‘वरचे स्वर बेसूर’, ‘ब्रिज निघाला’ या तक्रारी तीन-चार ठिकाणी दिसल्या तर ते मॉडेल टाळा.

पार्सल उघडताना खोक्यावरच्या लेबलपासून सलग व्हिडिओ काढा. मग वरची सगळी तपासणी त्याच दिवशी करा, ‘रविवारी बघू’ नको. परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं आणि आतलं थर्माकोल फेकू नका, वाद्यावर स्टिकर लावू नका. बिलाची पीडीएफ आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा.

७. जुनी घ्यायची असेल तर

पुण्यात जुनी युकुलेले शोधायचा सगळ्यात चांगला काळ म्हणजे मे-जून. शेवटच्या वर्षाची मुलं होस्टेल आणि फ्लॅट सोडतात आणि सामान कमी करतात. कॉलेजच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारा. निम्म्या किमतीच्या आसपास बोला. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात कधीतरी वाद्यं दिसतात, पण तिथे निवांत तपासायला मिळत नाही, म्हणून पहिल्या वाद्यासाठी मी तिकडे पाठवणार नाही.

जुन्या वाद्यात जास्तीच्या तीन गोष्टी बघा. वरची फळी ब्रिजच्या मागे फुगलेली आहे का? मान आणि वाद्याचं धड यांच्या सांध्यात फट आहे का? आणि तारा स्टीलच्या तर नाहीत ना? युकुलेले नायलॉनसारख्या तारांसाठी बनवलेली असते. कुणी हौसेने गिटारच्या स्टीलच्या तारा चढवल्या असतील तर त्या ताणाने ब्रिज उखडायला लागतो. तसं वाद्य फुकट मिळालं तरी घेऊ नका.

वाद्य हातात घेऊन तपासल्याशिवाय ‘टोकन’ पाठवू नका. तुम्ही स्वतःची वस्तू विकत असाल आणि समोरचा म्हणाला की पैसे मिळवण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, तर तिथेच थांबा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

८. सेटअप आणि तारा

वाद्य ठीक आहे पण तार जरा उंच आहे, अशी स्थिती नेहमीची. त्याचे दोन उपाय आहेत. नटच्या खाचा खोल करणं हे गिटार दुरुस्त करणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. त्याला खास बारीक कानस लागते आणि एकदा खाच जास्त खोल गेली की नट बदलावी लागते. सॅडल, म्हणजे ब्रिजमधली पांढरी पट्टी, घरीही कमी करता येते. तारा सैल करा, पट्टी वर ओढून काढा आणि तिची खालची बाजू सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासा. वरची बाजू कधीच घासू नका. हिशेब असा: सॅडल एक मिलिमीटर घासली की बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर खाली येते. थोडं घासा, बसवा, मोजा, पुन्हा घासा.

सोबत आलेल्या तारा काळ्या, गुळगुळीत आणि दबक्या आवाजाच्या असतील तर बदला. नायलगट किंवा फ्लुरोकार्बनच्या (दोन्ही कृत्रिम धाग्याचे प्रकार) तारांचा एक संच घातला की अडीच हजारांच्या वाद्याचा आवाज उघडतो. लाकडावर खर्च केलेल्या हजार रुपयांनी जेवढा फरक पडत नाही तेवढा इथे पडतो. आपल्या साइजचाच संच मागा. एका वेळी एकच तार काढा, म्हणजे जुन्या गाठीकडे बघून नवी गाठ बांधता येते.

क्लासने ‘आमच्याकडूनच वाद्य घ्या’ म्हटलं तरी हरकत नाही, पण कार्डं आणि ट्यूनर तिथेही न्या. तपासू देत नसतील तर वाद्य बाहेरून घ्या आणि शिका तिथे.

९. पहिले पंधरा दिवस

नव्या तारा ताणल्या जातात, म्हणून पहिले काही दिवस दर दहा मिनिटांनी सूर उतरेल. हा दोष नाही. रोज सूर लावल्यावर प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपाशी हलकेच वर ओढा आणि पुन्हा लावा. आठवडा-पंधरवड्यात तारा स्थिरावतात. सूर नेहमी खालून वर लावा. जास्त चढला तर आधी खाली उतरवून मग पुन्हा वर या, खुंटी घट्ट राहते.

सुरुवातीचे कॉर्ड: सी, ए मायनर, एफ, जी सेवन. सीला एकच बोट लागतं, सगळ्यात खालच्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. ए मायनरलाही एकच, सगळ्यात वरच्या तारेवर दुसऱ्याला. बोट फ्रेटवर नको, फ्रेटच्या अगदी अलीकडे ठेवा, म्हणजे कमी जोर लागतो.

उन्हाळ्यात बंद गाडीत दुपारी युकुलेले ठेवू नका, डिंक मऊ पडून ब्रिज सुटतो. पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका आणि दर महिन्याला बदला. बाहेर नेताना पिशवीवर मोठी प्लॅस्टिकची पिशवी चढवा, कारण कापडी अस्तर आतून ओलं राहिलं की बुरशी धरतं. भिजून आलात तर वाद्य लगेच बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसा आणि पिशवी वेगळी वाळवा. वाद्य पंख्याखाली चालेल, उन्हात नको.